डाव्या हाताचा बोळा

ती केस आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते.

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने काहीतरी थरारक सांगावं अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्या सौ.चीही तीच आहे. पाहुणे आले की ती मला दरोड्याची गोष्ट सांगायला लावते आणि दरोडेखोर दरवर्षी एकाने वाढतो. पण मला मनापासून विचाराल तर मी पाण्याच्या मोटरींची केस सांगेन. त्यात गोळी सुटली नाही, पाठलाग झाला नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची कबुली आरोपीने नव्हे तर भलत्याच माणसाने दिली. नावं कुणाचीच सांगणार नाही. बापाला मी मिस्त्री म्हणतो, कारण त्याला अख्खा तालुका तेच म्हणायचा. मुलाला तम्मा म्हणतो, कारण बाप त्याला तशी हाक मारायचा. कर्नाटकच्या हद्दीला लागून राहणारी माणसं ती. तिकडे बापाला अप्पा म्हणतात आणि लहान पोराला लाडाने तम्मा.

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावरच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि उन्हाळा रणरणत होता. नदीकाठी बसवलेल्या शेतीपंपांच्या मोटरी चोरीला जायला लागल्या. पाच आठवड्यांत सात मोटरी. ज्याची मोटर जाते त्याचा ऊस वाळायला लागतो, आणि ज्याचा ऊस वाळायला लागतो तो शेतकरी सकाळी सातला ठाण्याच्या पायरीवर येऊन बसतो. माझा चहा व्हायच्या आत सातही जण हजर असायचे आणि एकच प्रश्न सात वेळा विचारायचे. आमच्याकडचा माणूस हळू आवाजात काही विचारत नाही. समोरच्या शाळेतल्या बाईंनी एकदा शिपायाकरवी निरोप पाठवला की पोरांना पाढे ऐकू येत नाहीत.

आम्ही नेहमीचं सगळं केलं. भंगारवाल्यांच्या वखारी तपासल्या, रेकॉर्डवरचे चोर बोलावून हजेरी घेतली, खबऱ्यांना कामाला लावलं. एकाही खबऱ्याकडून कामाची गोष्ट कळली नाही. शेवटी टीप मिळाली ती खबऱ्याकडून नव्हे, एका वैतागलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून, आणि आपण टीप देतोय हे त्यालाही माहीत नव्हतं.

सातव्या मोटरीचा पंचनामा करायला मी स्वतः गेलो होतो. सोबत आमचे जुने हवालदार होते. तीस वर्षांची नोकरी, पोट पुढे, आणि पंचनाम्याचं अक्षर मोत्यासारखं. काम संपत आलं तसा तो म्हातारा पुढे झाला.

"सायेब, त्यो बोळा काढू का आता?"

"कसला बोळा?"

"पाइपातला. तुमच्या पोलिसांनी घातलेला."

हवालदार भडकले. "आम्ही कशाला बोळा घालू? तुम्हीच घातलाय की!"

"म्या? मोटर गेली म्हनून मी बोंबलत सुटलो का हितं बोळं घालत बसलो?"

दोघांचं जुंपलं, पण माझं डोकं चालायला लागलं. मी हवालदारांना आधीचे सहा पंचनामे काढायला लावले. त्यातल्या चारांत त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: पाइपाच्या तोंडास गोणपाटाचा बोळा. शेतकऱ्यांना वाटलं बोळा पोलिसांनी घातला, आम्हाला वाटलं शेतकऱ्यांनी घातला. बोळा चोराने घातला असेल हे कुणाच्याच मनात आलं नाही. येणार तरी कसं? मोटर काढली की पाइपाचं तोंड उघडं पडतं, आत गाळ जातो, खेकडे, बेडूक जातात आणि पुढे लाइन तुंबते. म्हणून कसबी मिस्त्री मोटर दुरुस्तीला नेताना तोंड बंद करून जातो. चोराला त्याचं काय पडलंय?

"साहेब, हा चोर आहे का मिस्त्री?" हवालदार म्हणाले.

मी खाली बसून बोळा नीट बघितला. गोणपाटाला घट्ट पीळ देऊन आत दाबलेला, उरलेलं गोणपाट तोंडावर दुमडलेलं, वरून सुतळीचे तीन वेढे, आणि सुतळीच्या टोकाचा बोटभर फासा मुद्दाम बाहेर ठेवलेला. ओढला की सगळं सुटावं असा. हा फासा मी कुठेतरी बघितला होता. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भाकरी मोडताना एकदम आठवलं आणि भाकरी तशीच हातात राहिली.

अकरा वर्षांपूर्वी याच तालुक्यात मी सहायक निरीक्षक होतो. पाण्याच्या पाळीवरून एका मळ्यात भांडण झालं, मोटर दुरुस्तीला आलेला मिस्त्री मध्ये पडला, त्याला शिवी बसली, आणि त्याने हातातला पाना हाणला. समोरचा माणूस दवाखान्यात गेला तो परत आला नाही. मिस्त्री पळाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा तो त्याच मळ्यातल्या विहिरीवर आदल्या दिवशीचं अर्धं राहिलेलं काम पुरं करत बसला होता. शेजारी नऊ वर्षांचा मुलगा पाने घेऊन उभा. आई नव्हती त्या पोराला, ते बापाच्या मागेच असायचं.

"दोन मिन्टं द्या सायेब," मिस्त्री म्हणाला. "पाइप उघडा टाकून जानं बरं न्हवं." आणि मुलाला म्हणाला, "तम्मा, तू मार बोळा. फासा भाईर ठेव. उद्या येनाऱ्याला चाकू हुडकाय लागू नये."

पोराने बोळा मारला. मी घड्याळाकडे बघत होतो, त्यामुळे त्याचे हात बघितले नाहीत, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मग मिस्त्रीला जीपमध्ये बसवलं. मुलगा जीपमागे धावत आला आणि मला विचारलं, "अप्पा कवा येनार?" मिस्त्रीने मान खाली घातली होती, त्याच्या तोंडातून शब्द निघेना. तेव्हा मी बोललो. "अप्पा म्हणतोय, आठ दिवसांत येतो."

पोर थांबलं, जीप निघाली. खोटं बोललो याचं मला काहीच वाटलं नाही. उलट, रडणारं पोर गप्प केलं म्हणून स्वतःवर खूशच होतो. मिस्त्रीला जन्मठेप झाली आणि तो कळंब्याच्या कारागृहात गेला.

आता अकरा वर्षांनी मिस्त्रीचा बोळा नदीकाठी परत उगवला होता. माझा अंदाज साधा होता. मिस्त्रीकडे हाताखाली शिकलेली तीन-चार माणसं असतील, त्यातलं कुणीतरी वाईट मार्गाला लागलं असेल. मुलाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. माझ्या डोक्यात तो अजून नऊ वर्षांचाच होता.

रीतसर परवानगी घेऊन मी कळंब्याला गेलो. मुद्देमाल काही नेता येत नाही, म्हणून पंचनाम्यातला फोटो मोठा करून घेतला होता. मिस्त्री आला. केस पांढरे झालेले, बाकी गडी ताठ. कारागृहातल्या मोटरी, पंखे, कारखान्यातली यंत्रं तोच बघायचा आणि अधीक्षक त्याच्यावर खूश होते. मी फोटो पुढे केला आणि विचारलं, "मिस्त्री, हा बोळा तुमच्यापैकी कुणाचा?"

त्याने फोटो हातात घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. आणि त्याचा चेहरा असा फुलला की मी चक्रावलो.

"माझ्या तम्माचा हाय की ओ ह्यो!"

"कशावरून?"

"फासा बगा की! डाव्या अंगाला हाय. डावखुरा हाय त्यो. माझ्या हाताखालची बाकीची समदी उजवी." तो उभाच राहिला. दारातल्या शिपायाला बोलावून त्याने फोटो दाखवला. "माझ्या पोराचा बोळा! नऊ वर्साचा हुता तवा शिकवलाता. तीन येढं, एक फासा. काय बी इसरला न्हाय गडी!"

नंतर कळलं ते असं. मुलाला त्याच्या आत्याने कागलकडे नेऊन वाढवलं. एकदा ती त्याला भेटीला घेऊन आली, तर पोर कारागृहाच्या दारातूनच मागे फिरलं. मिस्त्री दर महिन्याला पत्र पाठवायचा, ती न फोडता परत यायची. अकरा वर्षांत मुलाकडून त्याला मिळालेली पहिली खूण म्हणजे हा फोटो. त्या आनंदात तो, समोर बसलेला माणूस पोलीस आहे, हेच विसरून गेला. मग हळूहळू त्याला आठवलं.

"सायेब, ह्यो फोटू कुटला?"

मी सांगितलं. तो खाली बसला. बराच वेळ फोटोवरून अंगठा फिरवत राहिला. "म्हंजी म्या लेकराला धरून दिलं व्हय?" मी टोपी घातली आणि बाहेर आलो.

तम्मा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्परचं काम करत होता. दुपारची पाळी सुटताना त्याला गेटबाहेर ताब्यात घेतलं. वीस वर्षांचा, सडपातळ, बापाचंच नाक. पळाला नाही, तोही. चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली आणि चार दिवसांत त्याने आम्हाला वात आणला. मारहाणीने माणूस बोलतो हा गैरसमज आहे, तो आम्हाला हवं ते बोलतो. त्यामुळे मी त्या वाटेला जात नसे. गप्पा मारायच्या, चहा द्यायचा, वाट बघायची, ही माझी पद्धत. तम्माने चहा घेतला, दोन्ही वेळ जेवला, आणि तोंड उघडलं नाही. तीन दिवसांत तो एकच वाक्य बोलला. "हवालदार, तुमच्या नळाचा वायसर गेलाय."

हवालदारांनी ते स्टेशन डायरीत लिहू का म्हणून मला विचारलं.

चौथ्या दिवशी त्याने मला विचारलं, "तुमाला कळलं कसं?" खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. बोळ्याचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. तो हसला, पण ते हसणं कडू होतं. "म्हंजी बापानं सांगितलं. येतो म्हनून आला न्हाय, आन् आता धरून बी दिलं. चांगलाय बाप." आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मोटरी कुठे आहेत, घेणारा कोण, एक अक्षर नाही. कोर्टाने त्याला न्यायालयीन कोठडीत पाठवलं, म्हणजे कळंब्यालाच. एका भिंतीच्या आत बाप शिक्षा भोगत होता आणि मुलगा खटल्याची वाट बघत होता. मिस्त्रीने भेटीचा अर्ज केला. अधीक्षकांनी मंजूर केला. तम्माने भेटायला नकार दिला.

इकडे पायरीवरचे सात जण काही हलत नव्हते. मोटरी फोडून त्यातलं तांबं विकलं गेलं की संपलंच, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. पण खरं सांगतो, मला झोपताना मोटरी आठवत नव्हत्या. "येतो म्हनून आला न्हाय" हे आठवत होतं. ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

कोर्टाची परवानगी काढून मी कळंब्याला चौकशीला गेलो. तम्माला समोर बसवलं. कागद, पेन बाजूला ठेवलं.

"तम्मा, तुला अप्पाचा एवढा राग का?"

"तुमास्नी काय करायचंय?"

"सांग की."

त्याने बाहीने तोंड पुसलं. मग बोलायला लागला. "आठ दिसात येतो म्हनला. मी रोज जाऊन त्या पाइपापाशी बसायचो. साळंत गेलो न्हाय. बोळा कुनाला काढू दिला न्हाय, अप्पाच येऊन काढनार म्हनून. नवव्या दिशी मळ्याचा मालक आला, मला बाजूला सारलं, फासा वडला आन् बोळा फेकून दिला. तवाच कळलं. अप्पा खोटं बोलला. जातो म्हनला असता तर चाललं असतं सायेब. येतो कशाला म्हनायचं?"

मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत शेकडो लोकांच्या कबुल्या घेतल्या. कबुली द्यायला काय लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

"अप्पा तसं म्हणाला नव्हता," मी म्हणालो. "मी म्हणालो होतो."

"आँ?"

"जीपमागे तू आलास. तुझ्या बापाला शब्द फुटेना. मी म्हणालो, अप्पा म्हणतोय आठ दिवसांत येतो. तू गप्प व्हावास म्हणून. तुझा बाप जीपमध्ये बसल्यावर एक शब्द बोलला नाही."

तम्मा माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली घातली नाही, पण घालावीशी वाटत होती.

"म्हंजी अकरा वर्सं मी ज्या शिव्या घातल्या..."

"त्या माझ्या. सगळ्या माझ्या नावावर घे. अजून राहिल्या असतील तर समोर बसलोय, घाल."

तो एकदम फसकन हसला. हसता हसता डोळ्यांना बाही लावली. म्हणाला, "लई घान घान हुत्या ओ सायेब."

"घाल की."

"वर्दीवर बरं न्हाय दिसत." आणि मग, खाली बघून, "अप्पास्नी बोलवा."

अधीक्षक भला माणूस. त्यांनी त्यांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात भेट घालून दिली. मिस्त्री आला तो हातात पाना तसाच घेऊन, कारण काम अर्धं टाकून आला होता. शिपायाने पाना काढून घेतला. बाप मुलाकडे बघतोय, मुलगा फरशीकडे. मला वाटलं आता रडारड होणार, म्हणून मी खिशातला रुमाल चाचपला. मिस्त्री खाकरला आणि अकरा वर्षांनी मुलाशी पहिलं वाक्य बोलला ते हे:

"येढं तीनच का घातलंस रं? नदीच्या अंगाला चार घालायचं."

तम्माने मान वर केली. "तीनच शिकवलंसा!"

"ते हिरीवरच्या मोटरीला! नदीला वाढ येतीया, तिथं चार."

"ते सांगितलासा कुटं? सांगायच्या आदीच गेलासा की!"

"ते बी खरंच म्हना."

अधीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. ते दोघे पाच मिनिटं वेढ्यांवर भांडले, मोठ्या आवाजात, हातवारे करून, आणि भांडता भांडता कधी एकमेकांच्या जवळ येऊन बसले ते मलाही कळलं नाही. मग मिस्त्रीने हात आवरले.

"तम्मा, तुला म्याच धरून दिलंय. फोटू बगितला आन् इतका आनंद झाला, तोंडातनं निघूनच गेलं. त्यो पोलीस हाय हे ध्यानातच ऱ्हायलं न्हाय."

"आनंद कशाचा?"

"तू माझं काय तरी ठिवलंस की जवळ."

तम्माने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. डावा. "मोटर काढली की हात थांबायचंच न्हाईत अप्पा," तो म्हणाला. "चोरून न्यायची, पन बोळा मारल्याबिगर पाय निघायचा न्हाय. ठेकेदार शिव्या द्यायचा, चल लवकर म्हनून." रुमाल मला लागला, त्यांना नाही.

असा ठेकेदार आमच्या हाती आला. एमआयडीसीत माणसं पुरवण्याच्या आड तो मोटरींचा धंदा करायचा. काढायला तम्मा, न्यायला त्याची गाडी. मिस्त्रीने पुढचा प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता.

"तांबं काढलंस व्हय मोटरींचं?"

"न्हाय. ठेकेदार म्हनला काड, मला जमंना. तुमी शिकवलंसा कुटं ते? नुसता बोळाच शिकवलाय!"

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कारागृहात हसलो नव्हतो. कोर्टाकडून त्याची पुन्हा पोलीस कोठडी घेतली, पंचांसमोर निवेदन झालं, आणि एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या आवारात चिपाडाच्या ढिगाखालून सातही मोटरी निघाल्या. सगळ्या शाबूत. प्रत्येकीच्या पाण्याच्या तोंडाला गोणपाटाचा बोळा, फासा डाव्या अंगाला. पंच म्हणून आलेला गावचा माणूस म्हणाला, "सायेब, चोर असावा तर असा!" ते पंचनाम्यात घेता आलं नाही.

कोर्टाच्या आदेशाने मोटरी मालकांना परत मिळाल्या, पायरी रिकामी झाली, आणि शाळेतल्या बाईंनी पेढे पाठवले. तम्माने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याने ठेकेदाराविरुद्ध साक्ष दिली याचा कोर्टाने विचार केला आणि वर्षाची शिक्षा दिली. ती भोगायला तो बापाकडेच गेला. अधीक्षकांनी त्याला दुरुस्तीच्या शेडमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली काम लावून दिलं.

एकदा मुद्दाम बघायला गेलो. जळालेल्या मोटरीची जुनी तार काढून नवी भरायचं काम चाललं होतं. त्यात तारेचे वेढे मोजून घालावे लागतात, एकसुद्धा चुकून चालत नाही. तम्मा मोठ्याने मोजत होता, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. मला बघून म्हणाला, "या सायेब," आणि आकडा विसरला. मिस्त्री माझ्यावरच ओरडला. "मदी बोलू नगासा! हितं बोलनं येढं झाल्यावर!" मी मुकाट्याने स्टुलावर बसलो. त्या शेडमधला नियम तोच होता. वेढे घालताना गप्प, एक कॉइल पुरी झाली की गप्पा. अकरा वर्षांचं बोलणं त्या दोघांनी असं कॉइलच्या अधेमधे करून संपवलं. आत्या कशी आहे, आईची साडी कुणाकडे आहे, परत आलेल्या पत्रांत काय लिहिलं होतं. ती पत्रं मिस्त्रीने जपून ठेवली होती आणि तम्माने दर रविवारी तीन, अशी क्रमाने फोडून वाचली.

ज्या घरातला माणूस मिस्त्रीच्या हाताने गेला त्या घराचं दुःख या आनंदाने भरून निघत नाही, हे मिस्त्रीलाही माहीत होतं आणि तो ते विसरत नसे. तम्मा सुटला तेव्हा बापाने त्याला पहिलं काम सांगितलं ते त्या घरी जाऊन हात जोडायचं. तो गेला. त्यांनी पाणी विचारलं नाही, पण दारही लावलं नाही.

पुढे मी निवृत्त झालो. कधीकधी नव्या फौजदारांच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावतात. दरोड्यावर बोला म्हणतात. मी त्यांना सांगतो की अटक करताना दारात एखादं पोर उभं असेल तर त्याच्याशी खोटं बोलू नका. चॉकलेट द्या, डोक्यावरून हात फिरवा, काहीच जमलं नाही तर गप्प बसा. पण तारीख देऊ नका. आपण ती ठाण्यावर पोचेपर्यंत विसरतो, आणि ते पोर मोजत बसतं. मुलं टिपून घेतात की नाही माहीत नाही. परीक्षेत हा प्रश्न येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरामागच्या विहिरीची मोटर जळाली. मी राहतो कळंब्याच्या तळ्याच्या अलीकडे, म्हणजे कारागृहापासून फार लांब नाही. तम्माने आता स्वतःचं मोटर दुरुस्तीचं दुकान टाकलंय. फोन केला, तो मोटारसायकलवर आला. अर्ध्या तासात मोटर खोलून पोत्यात बांधली. मग खिशातून गोणपाटाचा तुकडा काढला, पीळ दिला, पाइपात दाबला, सुतळीचे तीन वेढे घातले. विहीर होती, नदी नव्हे. फासा डाव्या अंगाला. आणि सौ.ला म्हणाला, "काकू, बोळा कुनाला काढू देऊ नका. आठ दिसात येतो."

हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पण त्याचे कान हसत होते.

त्या आठ दिवसांत आम्ही शेजाऱ्यांकडून पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली दुसरा कुणी मिस्त्री बघा, एका मोटरीला आठ दिवस लागतात का? मी म्हणालो, लागतात. आठव्या दिवशी सकाळपासून मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसलो. पेपर हातात होता, पण एकच पान चार वेळा वाचलं. दुपार झाली. सौ.ने दोनदा जेवायला बोलावलं. सव्वादोनला मोटारसायकल वळली. मागच्या सीटवर मांडीवर मोटर धरून एक पांढऱ्या केसांचा माणूस बसला होता. तीनच दिवसांपूर्वी, शिक्षेतली सूट धरून मिस्त्री सुटला होता, आणि मला कुणीही कळवलं नव्हतं.

आम्ही विहिरीपाशी गेलो. तम्मा बोळ्याजवळ बसला, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अप्पा, तुमी काढा."

मिस्त्री खाली बसला. फासा बोटात घेतला, एकदाच ओढला, आणि बोळा सुटून त्याच्या हातात आला. त्याने पाइपात डोकावून बघितलं. "सोच्छ हाय! एक बेडूक न्हाय आत!" मग बोळा झटकून, घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"सायेब," तो म्हणाला, "आटवा दिस हाय न्हवं आज?"

"व्हय मिस्त्री," मी म्हणालो. "आठवाच."